कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये बटणांचे प्रकार कसे ठरवायचे: मराठी टाइप करणाऱ्यांसाठी

‘होता’ असं लिहिलं आणि स्क्रीन लॉक झाली. पासवर्ड टाकून परत आलो, पुन्हा ‘होता’ लिहिलं, पुन्हा लॉक. ‘डोंबिवली’ लिहायला गेलो तर स्टार्ट बटणाजवळचा मेनू वर आला, आणि ‘कुर्ला’ लिहिताना ब्राउझरची नवी खिडकी उघडली. हाताने वायर जोडून केलेल्या माझ्या ६१ बटणांच्या कीबोर्डवर पहिल्या संध्याकाळी हे सगळं घडलं. सुटे भाग ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून आणले होते. रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, प्रत्येक बटणामागे एक १एन४१४८ डायोड, थोडी वायर. जोडणीत चूक नव्हती. चूक होती फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, मी बटणांचे जे प्रकार पाडले होते त्यात.

मी दिवसभर मराठीत लिहितो, सबटायटल्स आणि बातम्यांचा मजकूर, आणि तेही इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीत. क्यूएमके या कीबोर्डांच्या मुक्त फर्मवेअरवर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे. पण त्यात ‘अक्षराचं बटण’ म्हणजे ए ते झेड असं गृहीत धरलेलं असतं, आणि आपल्या लिपीला ते पुरत नाही. बटणाचा प्रकार त्यावर छापलेल्या चिन्हावरून ठरत नाही. तुमच्या लिपीत ते बटण काय काम करतं यावरून तो ठरवावा लागतो, आणि तो कोडमध्ये एकाच जागी लिहून ठेवावा लागतो. हे कसं करायचं ते पायरीपायरीने सांगतो.

एक सूचना आधीच. या लेखात कोडमधली नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत, अधोरेषांसकट. कीकोडचे, म्हणजे बटणांच्या संकेतांचे, आकडे हेक्स, म्हणजे षोडशमान पद्धतीतले आहेत. त्यात दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं वापरतात.

पायरी १: फर्मवेअरला काय दिसतं ते समजून घ्या

तुम्ही ‘क’ दाबता तेव्हा कीबोर्डला ‘क’ माहीतच नसतो. बोर्डाला कळतं ते एवढंच की अमुक आडवी ओळ आणि अमुक उभी ओळ जुळली. कीमॅपमध्ये, म्हणजे कोणत्या जागी कोणतं बटण ते सांगणाऱ्या तक्त्यात, त्या जागेवर केसी_के असेल, तर यूएसबीवरून आकडा जातो ०ई. हा आकडा यूएसबीच्या एचआयडी मानकातला आहे, कीबोर्डाच्या ०७ क्रमांकाच्या पानावरचा. कंप्युटरवर मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर त्या आकड्याचा ‘क’ होतो, इंग्रजी चालू असेल तर ‘के’.

यातून एक गोष्ट आपसूक निघते. फर्मवेअरमध्ये ‘व्यंजन’ नावाचा प्रकार तयार मिळणार नाही, तो आपण बनवायचा.

पायरी २: कागद घ्या आणि आपल्या लिपीप्रमाणे बटणं लिहून काढा

ही पायरी वगळून थेट कोडला हात घालायचा मोह होतो. मी तेच केलं आणि दोन रविवार घालवले. अर्धा तास द्या, पुढचं सगळं सोपं जातं.

इनस्क्रिप्टची मांडणी फार विचारपूर्वक केलेली आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये ठरवली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ती आली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. डाव्या हाताची मधली ओळ अशी आहे: ए वर ओकाराची मात्रा (ो), एस वर एकाराची (े), डी वर पाय मोडायचं चिन्ह (्), एफ वर ऱ्हस्व वेलांटी (ि). त्याच्या वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी वर अनुक्रमे ौ, ै, ा, ी, ू. जी वर ऱ्हस्व उकार. एक्स वर अनुस्वार.

व्यंजनांमध्ये के म्हणजे क, आय म्हणजे ग, एच म्हणजे प, वाय म्हणजे ब, एल म्हणजे त, ओ म्हणजे द, पी म्हणजे ज, जे म्हणजे र, एन म्हणजे ल, एम म्हणजे स, यू म्हणजे ह. खालच्या ओळीत सी म्हणजे म, व्ही म्हणजे न, बी म्हणजे व. शिफ्ट दाबली की क चा ख होतो, त चा थ, प चा फ, ल चा ळ, म चा ण.

आता ज्यासाठी हा कागद काढला ते. व्यंजनं ए ते झेडमध्ये मावत नाहीत. च आणि छ अर्धविरामाच्या बटणावर आहेत. य आहे तिरक्या रेघेवर. ष स्वल्पविरामावर, शिफ्ट धरून. ट आणि ठ एकेरी अवतरणचिन्हाच्या बटणावर, आणि ड आणि ढ डाव्या चौकटी कंसाच्या बटणावर. इंग्रजी माणसाच्या लेखी ही सगळी विरामचिन्हं. आपल्या लेखी ‘टिटवाळा’, ‘वडाळा’, ‘चर्चगेट’.

कागदावर चार रकाने करा: व्यंजन, मात्रा, पायमोड, इतर. पायमोडाला मुद्दाम वेगळा रकाना द्या. मराठीत जोडाक्षरं पदोपदी येतात आणि प्रत्येक जोडाक्षरात डी लागतो, त्यामुळे या एका बटणाची वागणूक बिघडली तर सगळं लिखाण बिघडतं.

पायरी ३: १६ बिटांचे कप्पे ओळखा

क्यूएमकेमध्ये प्रत्येक कीकोड १६ बिटांचा असतो. ०००० ते ००एफएफ हा साध्या बटणांचा कप्पा. ए म्हणजे ०४, तिथून सलग झेड म्हणजे १डी. मग १ म्हणजे १ई, आणि ९ नंतर शून्य, २७. एंटर २८, स्पेस २सी. आपल्याला लागणारे: डावा चौकटी कंस २एफ, अर्धविराम ३३, अवतरणचिन्ह ३४, स्वल्पविराम ३६, तिरकी रेघ ३८. डावा कंट्रोल ई०, तिथून उजव्या विंडोज बटणापर्यंत आठ मॉडिफायर (कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट आणि विंडोज, डावी-उजवी), ई७ पर्यंत.

०१०० पासून १एफएफएफ पर्यंत मॉडिफायरसकट कोड. शिफ्ट आणि १ मिळून उद्गारचिन्ह म्हणजे ०२१ई. पुढे २००० ते ३एफएफएफ हा मॉड-टॅपचा कप्पा: टोचलं तर अक्षर, धरून ठेवलं तर मॉडिफायर. ४००० ते ४एफएफएफ लेयर-टॅप: टोचलं तर अक्षर, धरलं तर दुसरा थर, म्हणजे त्याच बटणांची दुसरी मांडणी. त्यानंतर थर बदलणारे, वन-शॉट, टॅप-डान्स वगैरे. आपले स्वतःचे कोड सेफ_रेंजपासून पुढे.

मॉड-टॅपचा एक कोड उलगडून बघा. डी बटणावर डावा कंट्रोल ठेवला तर कोड होतो २१०७. पहिला २ म्हणजे कप्पा. मधला १ म्हणजे कंट्रोल (शिफ्टला २, ऑल्टला ४, विंडोज बटणाला ८). शेवटचे ०७ म्हणजे डी. तसाच ए वर विंडोज बटण २८०४, एस वर ऑल्ट २४१६, एफ वर शिफ्ट २२०९. मॉडिफायरसाठी पाच बिट आहेत आणि पाचवा बिट ‘उजवीकडचा’ असं सांगतो. तो बिट एकच असल्याने एकाच कोडमध्ये डावा कंट्रोल आणि उजवा ऑल्ट एकत्र बसत नाहीत.

अक्षरासाठी उरतात फक्त आठ बिट. म्हणून मॉड-टॅपमध्ये साधंच बटण बसतं. दुहेरी अवतरणचिन्ह टाकलंत तर त्यातली शिफ्ट गळून पडते आणि एकेरी मिळतं. कंपायलर, म्हणजे कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, यावर काही बोलत नाही, त्यामुळे हे लक्षात ठेवणं आपल्याकडेच येतं. लेयर-टॅपमध्ये थरासाठी चार बिट, म्हणून ० ते १५ हेच थर तिथे चालतात.

हे आकडे समजण्यासाठी सांगितले. कोडमध्ये मात्र कधीही नुसता आकडा लिहू नका. २०२२-२३ मध्ये क्यूएमकेत कीकोडची मोठी फेररचना झाली आणि ज्यांनी आकडे लिहिले होते त्यांचे कीमॅप गडबडले. इझ_क्यूके_मॉड_टॅप, इझ_क्यूके_लेयर_टॅप, इझ_क्यूके_मॉड्स असे तयार मॅक्रो आहेत. कप्पा विचारायचा तर त्यांनाच विचारा.

पायरी ४: आवरण सोला, मग प्रकार विचारा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तुम्ही कोडच्या ‘स्विच’ या रचनेत केस केसी_डी लिहिता आणि ती ओळ कधी चालतच नाही. कारण तुमच्या कीमॅपमध्ये त्या जागी ०००७ नाहीच, २१०७ आहे. वरचं आवरण काढल्याशिवाय आतला डी दिसणार नाही.

आवरण काढायला नव्या क्यूएमकेमध्ये गेट_टॅप_कीकोड हे फंक्शन आहे. मॉड-टॅप किंवा लेयर-टॅप दिलं तर ते आतलं अक्षर देतं, साधं बटण दिलं तर तेच परत देतं. जुनी आवृत्ती असेल तर क्यूके_मॉड_टॅप_गेट_टॅप_कीकोड आणि लेयर-टॅपसाठी तसाच दुसरा मॅक्रो वापरून स्वतः लिहा, चार ओळींचं काम आहे. क्रम मात्र पाळा: आधी कप्पा तपासायचा, मग सोलायचं. कप्पा न बघता खालचे आठ बिट काढले तर थर बदलणाऱ्या बटणालाही तुम्ही एखादं अक्षर समजाल.

पायरी ५: एकच वर्गीकरण फंक्शन लिहा

कागदावरचे चार रकाने आता कोडमध्ये येतात. आधी चार नावांचा एक ईनम, म्हणजे नावांची ठरलेली यादी, करा. मग हे:

```
मराठी_वर्ग(कीकोड) {
    स्विच (गेट_टॅप_कीकोड(कीकोड)) {
        केस केसी_डी:
            रिटर्न पायमोड;

        केस केसी_क्यू:  केस केसी_डब्ल्यू:
        केस केसी_ई:  केस केसी_आर:  केस केसी_टी:
        केस केसी_ए:  केस केसी_एस:
        केस केसी_एफ:  केस केसी_जी:
            रिटर्न मात्रा;

        केस केसी_एच ... केसी_पी:
        केस केसी_यू:  केस केसी_वाय:
        केस केसी_बी:  केस केसी_सी:  केस केसी_व्ही:
        केस केसी_एससीएलएन:   // च छ
        केस केसी_क्यूयूओटी:    // ट ठ
        केस केसी_एलबीआरसी:   // ड ढ
        केस केसी_एसएलएसएच:  // य
        केस केसी_सीओएमएम:   // ष
            रिटर्न व्यंजन;
    }
    रिटर्न इतर;
}
```

एच ते पी सलग पट्टा चालला कारण एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ, पी या सगळ्यांवर व्यंजनंच आहेत. हा योगायोग आहे, नियम समजू नका. बाकीची एकेक लिहिणंच बरं.

पट्टा लिहिताना तीन टिंबांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा. ही सोय सी भाषेच्या मूळ मानकातली नसून जीसीसी कंपायलरची आहे. एकाच स्विचमध्ये दोन पट्टे एकमेकांवर आले तर कंपाइल होतच नाही, आणि ते चांगलंच आहे, चूक तिथेच पकडली जाते. अंकांसाठी पट्टा केसी_१ ... केसी_० असा लिहायचा. शून्यापासून नऊपर्यंत लिहिलात तर पट्टा रिकामा निघतो, कारण वर पाहिलं तसं शून्याचा आकडा नऊच्या नंतर येतो.

काही जण हेच काम आडव्या-उभ्या ओळींच्या क्रमांकावरून करतात. डावा हात की उजवा एवढंच हवं असेल तर ते ठीक आहे. पण वियासारख्या सॉफ्टवेअरने कीमॅप चालता चालता बदलता येतो, आणि मग जागेवरून केलेलं वर्गीकरण खोटं पडतं. मी कीकोडवरूनच करतो.

पायरी ६: वर्गीकरण जिथे खरंच लागतं तिथे लावा

आता सुरुवातीच्या ‘होता’कडे येऊ. माझ्या डाव्या मधल्या ओळीवर चार मॉड-टॅप होते: ए वर विंडोज बटण, एस वर ऑल्ट, डी वर कंट्रोल, एफ वर शिफ्ट. ही मांडणी इंग्रजी लिहिणारे हौसेने वापरतात, करंगळीला आराम मिळतो. जोडीला परमिसिव्ह_होल्ड चालू होतं. म्हणजे मॉड-टॅप दाबलेलं असताना दुसरं बटण दाबून सोडलं गेलं, तर पहिल्याला ‘धरलेलं’ समजायचं.

‘होता’ म्हणजे यू, ए, एल, ई. वेगात लिहिताना ए सुटण्याआधी एल दाबून सुटला की विंडोज बटण आणि एल, स्क्रीन लॉक. ‘डोंबिवली’त ए नंतर अनुस्वाराचा एक्स येतो, विंडोज आणि एक्स. ‘कुर्ला’त पायमोडानंतर ल, म्हणजे कंट्रोल आणि एन. ‘म्हणजे’ लिहिताना कंट्रोल आणि यू. ‘किती’चं तर ‘कथी’ व्हायचं, कारण एफ ची वेलांटी न होता शिफ्ट व्हायची आणि त चा थ.

इंग्रजीत यावर पहिला उपाय सुचवतात तो कॉर्डल होल्ड: एकाच हाताची दोन बटणं असतील तर मॉडिफायर धरायचा नाही. इंग्रजीला तो छान लागू पडतो. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डावीकडे आणि व्यंजनं बहुतेक उजवीकडे, त्यामुळे आपली जवळजवळ प्रत्येक जोडी दोन हातांची असते. ‘डोंबिवली’ वाचते, ‘होता’ आणि ‘कुर्ला’ वाचत नाहीत.

खरा उपाय फ्लो टॅप. तो २०२५ मध्ये क्यूएमकेत आला. आधीच्या बटणानंतर ठरावीक मिलिसेकंदांच्या आत मॉड-टॅप दाबलं, तर माणूस लिहितोय असं समजून लगेच अक्षर पाठवायचं. कॉन्फिग फाइलमध्ये फ्लो_टॅप_टर्म १५० ठेवलं आणि ‘होता’, ‘कुर्ला’, ‘किती’ सगळं सुधारलं.

‘ट्रेन’ मात्र सुधारली नाही. ‘ट्रेन’ लिहिलं की ब्राउझरमध्ये डाउनलोडची खिडकी उघडे. ‘प्रवास’ लिहा, काही होत नाही. ‘ड्रायव्हर’ लिहा, पुन्हा डाउनलोड. ‘प्र’ आणि ‘ट्र’ या दोन्हींत पायमोड आणि र तेच, मग फरक कुठे? फरक पहिल्या व्यंजनात. फ्लो टॅप चालायला आधीचं बटण आणि आताचं बटण, दोन्ही ‘लिहिण्याची बटणं’ असावी लागतात. इझ_फ्लो_टॅप_की या फंक्शनात त्यांची यादी आहे: ए ते झेड, स्पेस, पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम आणि तिरकी रेघ. प चं एच त्यात आहे. ट चं अवतरणचिन्ह नाही, ड चा कंस नाही.

ती यादी इंग्रजीसाठी अगदी योग्य आहे, आणि आपल्या सुदैवाने च, य आणि ष तिच्यात बसून जातात. राहतात फक्त ट-ठ आणि ड-ढ. मुंबईतल्या माणसाला ट्रेन, टोल, डोंबिवली आणि ड्रायव्हर टाळून किती लिहिता येईल? घाईत असाल तर त्या फंक्शनाची आपली प्रत कीमॅपमध्ये लिहा, त्यात ही दोन बटणं वाढवा, आणि थांबा. एवढ्याने बहुतेकांचं काम होईल.

मला याच्या पुढे जावंसं वाटलं, कारण आपली लिपी फर्मवेअरला इंग्रजीपेक्षा जास्त माहिती देते. मात्रा किंवा पायमोड कधीही शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. तो नेहमी व्यंजनानंतरच येतो. म्हणजे स्पेसनंतर कुणी शिफ्टशिवाय डी दाबला, तर त्याला नक्कीच कंट्रोल हवा आहे. व्यंजनानंतर लगेच दाबला, तर नक्कीच पाय मोडायचा आहे. इंग्रजीत डी ने शब्द सुरू होऊ शकतो, तिथे एवढी खात्री मिळत नाही.

हे लिहायला गेट_फ्लो_टॅप_टर्म हे फंक्शन आहे. त्यात आताचा कीकोड आणि आधीचा कीकोड दोन्ही मिळतात, आणि आपण मिलिसेकंद परत द्यायचे. शून्य दिलं की फ्लो टॅप बंद.

```
गेट_फ्लो_टॅप_टर्म(कीकोड, रेकॉर्ड, आधीचा) {
    इफ (मराठी_चालू) {
        इफ (मराठी_वर्ग(आधीचा) != व्यंजन) रिटर्न ०;
        स्विच (मराठी_वर्ग(कीकोड)) {
            केस पायमोड:  रिटर्न २५०;
            केस मात्रा:    रिटर्न २००;
            डिफॉल्ट:     रिटर्न ०;
        }
    }
    इफ (इझ_फ्लो_टॅप_की(कीकोड) && इझ_फ्लो_टॅप_की(आधीचा))
        रिटर्न फ्लो_टॅप_टर्म;
    रिटर्न ०;
}
```

२५० आणि २०० हे माझ्या बोटांचे आकडे आहेत. तुमचे तुम्ही ठरवा, कसे ते आठव्या पायरीत. स्पेसवर लेयर-टॅप ठेवला असेल तर वरचा कोड मराठीत त्याला हात लावत नाही, कारण स्पेस ‘इतर’मध्ये पडते. तुम्हाला ते हवं असेल तर त्याला वेगळा रकाना द्या.

एक सवय बदलावी लागली. कंट्रोल-सी नंतर लगेच कंट्रोल-व्ही करताना मधे डी वरचं बोट उचललं, तर सी हे ‘म’ असल्याने पुढचा डी पायमोड म्हणून जाऊ शकतो. बोट धरूनच ठेवायचं, किंवा क्षणभर थांबायचं.

एफ वरची शिफ्ट काढून टाका. हे मी ठामपणे सांगतो. इंग्रजीत शिफ्ट वाक्यात एखाद्या वेळी लागते. आपल्याकडे ख, घ, छ, झ, ठ, ढ, ण, थ, ध, फ, भ, श, ष, ळ आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवर आहेत. ‘सखा’ लिहिताना स नंतर लगेच एफ धरला तर फ्लो टॅप त्याला वेलांटी समजतो आणि ‘सिका’ लिहून टाकतो. शिफ्ट अंगठ्याला द्या किंवा नेहमीच्या जागी ठेवा, पण साधी ठेवा, मॉड-टॅप नको.

पायरी ७: मराठी चालू आहे हे फर्मवेअरला कळवा

वरच्या कोडमध्ये मराठी_चालू नावाचा झेंडा आहे. कंप्युटरवर कोणती भाषा चालू आहे हे कीबोर्डला कुणी सांगत नाही, म्हणून ते आपणच सांगायचं. भाषा उलटसुलट करणारं एकच बटण ठेवू नका. एकदा माउसने भाषा बदललीत की बोर्ड आणि कंप्युटर कायमचे उलटे होतात.

दोन स्वतंत्र बटणं करा. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये प्रत्येक भाषेला वेगळा शॉर्टकट देता येतो, उदाहरणार्थ मराठीला कंट्रोल-शिफ्ट-१ आणि इंग्रजीला कंट्रोल-शिफ्ट-२. कीमॅपमध्ये सेफ_रेंजपासून दोन नवे कोड घ्या. प्रोसेस_रेकॉर्ड_यूझर फंक्शनात मराठीचं बटण दाबलं गेलं की टॅप_कोड१६ ने तो शॉर्टकट पाठवा, झेंडा लावा आणि फॉल्स परत द्या. फॉल्स म्हणजे पुढे काही करू नका. बाकी सगळ्या बटणांसाठी शेवटी ट्रू परत द्यायला विसरू नका, नाहीतर कीबोर्ड मुका होतो. गोंधळ वाटला तर मराठीचं बटण पुन्हा दाबायचं. कितीही वेळा दाबलं तरी उत्तर तेच.

त्याच ठिकाणी कॅप्स_वर्ड_ऑफ ही बोलवा. कॅप्स वर्ड अक्षरांना शिफ्ट लावतो, आणि मराठीत शिफ्ट लावली तर ‘कप’चा ‘खफ’ होतो.

पायरी ८: स्टेशनांच्या नावांनी तपासा

रूल्स फाइलमध्ये कन्सोल_एनेबल येस करा, प्रोसेस_रेकॉर्ड_यूझरच्या सुरुवातीला यूप्रिंटएफने कीकोड, त्याचा वर्ग आणि आधीच्या बटणापासून गेलेले मिलिसेकंद छापा, आणि टर्मिनलमध्ये क्यूएमके कन्सोल चालवा. पिकोवर चढवायला बूटसेल बटण दाबून ठेवून केबल लावायची, ड्राइव्ह दिसला की यूएफ२ फाइल त्यात टाकायची. तुमच्या बोर्डावर जुनी एटीमेगा३२यू४ चिप असेल तर तिच्यात एकूण ३२ केबी जागा आणि त्यातलीही काही बूटलोडरची, तेव्हा तपासणी झाल्यावर कन्सोल बंद करा. पिकोला त्याची चिंता नाही.

आता लिहा, तुमच्या नेहमीच्या वेगाने. हळू लिहून तपासण्यात अर्थ नाही, चुका वेगातच होतात. मी ही नावं वापरतो:

दादर. यात मधल्या ओळीचं एकही मॉड-टॅप नाही, त्यामुळे हे बिघडलं तर दोष जोडणीत आहे, कोडमध्ये नाही. मग कुर्ला आणि मुंब्रा, साध्या पायमोडासाठी. महालक्ष्मी, कारण ‘क्ष्मी’त दोन पायमोड एकापाठोपाठ येतात, पहिल्यानंतर स्वल्पविरामाचं बटण आणि दुसऱ्यानंतर सी, जिथे चुकलं तर कंट्रोल-सी जातं आणि स्क्रीनवर काहीच न दिसल्याने लक्षातही येत नाही. डोंबिवली आणि टिटवाळा, ड आणि ट नंतरच्या मात्रेसाठी. विठ्ठलवाडी, कारण ‘ठ्ठ’मध्ये शिफ्ट सोडून डी आणि पुन्हा शिफ्ट अशी कसरत आहे. शिफ्ट उशिरा सुटली तर पायमोडाच्या जागी ‘अ’ येतो आणि ‘ठअठ’ दिसतं. ते फर्मवेअरने सुटत नाही, ते बोटांनीच शिकायचं. घाटकोपर, ओकारासाठी. शेवटी स्पेस देऊन डी धरा आणि एस दाबा: फाइल सेव्ह झाली पाहिजे.

प्रत्येक नाव दहा वेळा लिहा आणि कन्सोलवर व्यंजन ते पायमोड हे अंतर बघा. माझं बहुतेक वेळा ९० ते १८० मिलिसेकंदांत असतं, दमलो की २२० पर्यंत जातं, म्हणून २५०. तुमचा सगळ्यात मोठा आकडा घ्या, त्यात थोडं वाढवा आणि तोच कोडमध्ये लिहा. कन्सोलवर एखाद्या ओळीत वर्ग ‘इतर’ दिसला आणि स्क्रीनवर मात्र अक्षर उमटलं असेल, तर ते बटण कागदावर राहून गेलंय. माझ्याकडून उजवा चौकटी कंस राहिला होता, शिफ्ट धरून त्यावर ञ येतो. ‘ज्ञानेश्वर’ व्यवस्थित लिहिलं जात होतं, पण ते फक्त योगायोगाने. ज, पायमोड, ञ, आकार असा तो क्रम, आणि ञ नंतर मॉड-टॅप येत नाही. पण ‘आज्ञेत’ लिहिलं असतं तर ञ नंतरची एकाराची मात्रा अडकली असती. केसी_आरबीआरसी व्यंजनांच्या यादीत घाला, आणि पुन्हा कंपाइल करा.